गेटवरच्या बंदुकीची तपासणी कोणी करावयाची?

महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या शिवारांत गेल्या पंचवीस वर्षांत जे कारखाने उभे राहिले, त्यांपैकी कोणत्याही बऱ्यापैकी कारखान्याच्या शॉपमध्ये मान वर करून पाहिले, तर क्रेनच्या गर्डरवर दोन गोष्टी ठळक अक्षरांत रंगविलेल्या आढळतात. क्रेनने किती टन वजन उचलावयाचे, आणि तिची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली. ही तारीख तेथे मालकाच्या सद्बुद्धीने आलेली नाही. क्रेन, साखळ्या, दोर यांची बारा महिन्यांतून एकदा आणि लिफ्टची सहा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी झालीच पाहिजे, अशी सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमाने केली, म्हणून ती आली. त्या अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली आहे आणि त्या संहितेविषयी कामगार संघटनांचे आक्षेप गंभीर आहेत. तथापि यंत्र झिजते, आणि ते झिजलेले आहे की नाही हे कोणा जाणत्याने ठराविक मुदतीने पाहावयास हवे, हे तत्त्व आता कोणी उघडपणे नाकारीत नाही.

त्याच कारखान्यासमोरच्या बँकेच्या दाराशी, एटीएममध्ये नोटा भरणाऱ्या गाडीच्या पायरीवर, आणि काही मोठ्या कारखान्यांच्या गेटवरही, एक माणूस बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असतो. ती बंदूकही यंत्रच आहे. तिच्यात स्प्रिंगा आहेत, खटके आहेत, एकमेकांवर घासणारे पोलादाचे तुकडे आहेत. मात्र तिच्या दस्त्यावर तपासणीची तारीख रंगविलेली कोणी पाहिली नसेल. क्रेन तुटली तर खाली उभा असलेला कामगार मरतो, हे शासनास समजले आहे. बंदूक आपोआप उडाली तर समोर पासबुक भरून घेण्यासाठी रांगेत उभी असलेली बाई मरते, किंवा ती बंदूक खांद्यावर वागविणारा रक्षकच मरतो, हे मात्र अद्याप कोणाच्या हिशेबात आलेले दिसत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातील बहुसंख्य सुरक्षा रक्षकांच्या हाती शिट्टी, नोंदवही आणि फार तर काठी असते. बंदूकधारी रक्षक, ज्याला ठेकेदारांच्या भाषेत ‘गनमन’ म्हणतात, तो संख्येने थोडा. परंतु त्याची मागणी वाढती आहे. २०१८ साली रिझर्व्ह बँकेने रोकड वाहतुकीचा ठेका घेणाऱ्या कंपन्यांसाठी किमान १०० कोटी रुपयांची नक्त मालमत्ता व किमान ३०० गाड्यांचा ताफा अशी अट घातली, आणि त्याच वर्षी केंद्रीय गृहखात्याने प्रत्येक रोकडगाडीबरोबर दोन सशस्त्र रक्षक असावेत असा नियम केला. कंपनीपाशी १०० कोटी असावेत हे कागदावर लिहिले गेले. त्या दोन रक्षकांपाशी असलेल्या बंदुका कशा असाव्यात, हा प्रश्न बाजारावर सोपविला गेला. आणि बाजाराचे उत्तर ठरलेले असते. ज्याचा दर कमी, त्याचा ठेका. ठेक्याच्या दरात ‘गनमन, बंदुकीसह’ अशी एकच ओळ असते. माणूस आणि हत्यार मिळून एक नग! या एका ओळीत दर खाली आणावयाचा म्हणजे एकतर माणसाच्या पगारातून काढावयाचा किंवा बंदुकीच्या दर्जातून. बहुधा दोहोंतून काढला जातो.

पुष्कळदा ती बंदूक रक्षकाची स्वतःचीच असते. उत्तर प्रदेश, बिहार, जम्मू-काश्मीर येथून अथवा मराठवाड्यातून आलेल्या कित्येक रक्षकांची नोकरीसाठीची खरी पात्रता म्हणजे त्यांचा शस्त्रपरवाना. निवृत्त जवानाने फंडाच्या रकमेतून दुनळी घ्यावी, कोणी वडिलांच्या नावची जुनी बंदूक आपल्या नावावर करून घ्यावी, आणि तिच्या बळावर चाकणला बारा तासांची ड्युटी मिळवावी, असा हा व्यवहार आहे. गवंडी आपली थापी घेऊन कामावर येतो, तसा हा आपली बंदूक घेऊन येतो. साहजिकच तिची झीज त्याची, दुरुस्ती त्याची, तेलपाणी त्याचे. स्प्रिंग बदलावयाची तर एक दिवसाचा रोज बुडवून शहरातील बंदूकवाल्याच्या दुकानी जावयाचे आणि पैसेही आपणच भरावयाचे. चार-पाच तोंडांचा संसार चालविणारा माणूस अशी दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलतो. त्याच्या जागी कोणीही असता तरी हेच करता.

येथे यंत्राविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण वर्तमानपत्रात ‘बंदुकीतून चुकून गोळी सुटली’ एवढेच येते आणि त्या ‘चुकून’ या शब्दाखाली पुष्कळ काही झाकले जाते.

बारा बोअर हे नावच जुने आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. आपल्याकडे तिचे परिचित रूप दुनळी. ती मधोमध मोडते, दोन काडतुसे भरता येतात, आणि मोडली म्हणजे नळ्या रिकाम्या आहेत की भरलेल्या हे कोणालाही डोळ्यांनी दिसते. दुसरे रूप पंप-अ‍ॅक्शनचे. हे नाव सामान्य वाचकाच्या कानी पडले ते २०१६ मध्ये काश्मीरच्या रस्त्यांवर याच जातीच्या बंदुकांतून सुटलेल्या छर्ऱ्यांनी शेकडो तरुणांच्या डोळ्यांना इजा केली तेव्हा. या बंदुकीत नळीखाली दुसरी एक नळी असते, तिच्यात काडतुसे एकामागे एक रचलेली असतात. पुढची मूठ मागे ओढली की उडालेले कवच बाहेर पडते आणि घोडा चढतो. मूठ पुढे ढकलली की नवे काडतूस वर उचलले जाऊन नळीत बसते. दोन पल्ल्यांत, दोन पोलादी पट्ट्यांच्या आधाराने, हे सारे घडावयाचे असते. रचना मूलतः भक्कम आहे. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १९५० मध्ये आणलेली ८७० ही बंदूक याच रचनेची, आणि ती लक्षावधींच्या संख्येने खपली. भक्कम यंत्र स्वस्तात कसे विकावयाचे, हा प्रश्न मात्र तिलाही चुकला नाही. १९८७ साली त्याच बंदुकीची स्वस्त आवृत्ती निघाली. वरचे पॉलिश साधे, लाकूड साधे, आणि पुढे पुढे नळीच्या आतील भागाचे कामही खडबडीत. तापलेले कवच अशा खडबडीत नळीत चिकटून बसते आणि मूठ मागे येत नाही, ही तिच्याविषयीची तक्रार सर्वश्रुत झाली.

स्वस्त पंप-अ‍ॅक्शनचे दुखणे बहुधा लहान भागांत असते. काडतुसे अडवून धरणारा छोटा खटका सैल झाला की एकाऐवजी दोन काडतुसे मागे येतात आणि आतील उचलणी अडकून बसते. कवच ओढून काढणारी आकडी पत्र्याची ठोकून काढलेली असेल, तर तिची धार लवकर बोथट होते. मूठ पूर्ण पल्ला न घेता अर्धवट ओढली तर बंदूक भरल्यासारखी वाटते, पण भरलेली नसते. ज्याने वर्षभरात एकही काडतूस उडवून पाहिलेले नाही, त्याच्याकडून ऐन प्रसंगी असेच होणार. त्यात लोणावळ्याकडून येणारा पावसाळा. चार महिने पत्र्याच्या केबिनमध्ये ओल धरून राहिलेल्या स्प्रिंगेला गंज चढतो, कागदी कवचाचे काडतूस फुगते. ही झाली बंदूक न उडण्याची कारणे. रक्षकाच्या दृष्टीने ती गंभीर आहेतच, कारण दरोडेखोरासमोर अडकलेली बंदूक म्हणजे नुसती काठी, आणि तीही अशी की जिच्यामुळे समोरचा आधी गोळी घालील.

नको तेव्हा बंदूक उडण्याची कारणे याहून अधिक विचार करावयास लावणारी आहेत. लोकांचा समज असा की ‘सेफ्टी’ लावली म्हणजे बंदूक निर्धोक झाली. वस्तुतः बहुतेक साध्या बंदुकांत सेफ्टीचे बटण फक्त चाप अडविते. आत चढलेला घोडा तसाच चढलेला राहतो, आणि त्याला धरून ठेवणारी असते ती पोलादाची एक बारीक कड, नखाच्या जाडीहून फारशी मोठी नव्हे. कड झिजली, तिच्यावर मळ साचला, मागची स्प्रिंग ढिली झाली, आणि अशा वेळी बंदूक खुर्चीवरून फरशीवर आपटली किंवा गाडीच्या दारावर आदळली, तर ती कड सुटते. चापाला कोणी बोटही लावलेले नसते आणि बार उडतो. नव्या पद्धतीच्या बिनघोड्याच्या दुनळीतही नळ्या उघडल्या की आतील घोडे आपोआप चढतात, म्हणजे भरलेली दुनळीही या भयापासून मुक्त नाही. पंप-अ‍ॅक्शनला आणखी एक दोष आहे : ती रिकामी आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. खालच्या नळीतील सारी काडतुसे काढली तरी वरच्या नळीत एक राहू शकते. रोज पाळी संपताना बंदूक रिकामी करावयाची म्हणजे प्रत्येक काडतूस यंत्रातून खेळवून बाहेर काढावयाचे. आणि अपघातास हीच वेळ सर्वांत अनुकूल असते. बारा तास उभे राहून माणूस थकलेला असतो, बसची घाई असते, दुसरा रक्षक बोलत उभा असतो.

मग ही बंदूक बाजारात येण्यापूर्वी तिची परीक्षा होत नाही काय? होते. तिला ‘प्रूफ’ म्हणतात. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून नळी व बूड फुटत नाही ना, हे पाहिले जाते आणि तसा शिक्का मारला जातो. ही परीक्षा आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु ती बंदुकीच्या जन्माच्या वेळची परीक्षा आहे. वीस वर्षे वापरल्यावर आतील कड किती झिजली, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. क्रेनच्या बाबतीत कोणा मालकाने ‘कारखान्यातून आली तेव्हा तपासली होती’ असे उत्तर दिले असते, तर निरीक्षकाने त्याला दाराबाहेर काढले असते.

यापुढचा सारा व्यवहार कागदाचा आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम वाचले, तर शासनाला काळजी कशाची आहे हे स्पष्ट होते : हत्यार कोणाच्या नावे आहे, क्रमांक जुळतो की नाही, काडतुसांचा हिशेब लागतो की नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, म्हणजे बंदूक कोणा अधिकाऱ्याच्या नजरेसमोर येण्याचे प्रसंगही कमी झाले. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्यास सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यात माणूस तपासला जातो, यंत्र नव्हे. बरे, ज्या कागदावर एवढा भर, तो कागद तरी खरा असतो का? २०१२ ते २०१६ या काळात जम्मू-काश्मीरमध्ये अपात्र व्यक्तींना दिल्या गेलेल्या सुमारे २ लाख ७८ हजार परवान्यांचा तपास सीबीआयला हाती घ्यावा लागला. २०२४ च्या नोव्हेंबरात, बनावट परवान्यांवर बारा बोअरच्या बंदुका बाळगून सुरक्षा रक्षकाची नोकरी करणारे नऊ जण अहिल्यानगर जिल्ह्यात पकडले गेले. त्या वेळी चर्चा झाली ती ते कोठून आले याची. त्यांना बंदुकीसह कामावर ठेवताना कोणी काय पाहिले होते, हे फारसे कोणी विचारले नाही.

अपघात घडल्यावर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ कलमाखाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने ती पाच वर्षांपर्यंत नेली. पोलीस येतात, बंदूक जप्त करतात, आणि ज्याच्या हातात ती होती त्याच्यावर गुन्हा नोंदवितात. ठेकेदार म्हणतो, बंदूक त्याची आहे. बँक म्हणते, माणूस ठेकेदाराचा आहे. ज्या यंत्राची दुरुस्ती करण्याची ऐपत रक्षकाला त्याच्या पगाराने दिली नाही, त्या यंत्राच्या दोषाबद्दल तुरुंगात जावयाचे ते त्यानेच.

हा दोष केवळ गरीब देशाचा आहे, असे समजू नये. रेमिंग्टन कंपनीचीच ७०० या नावाची रायफल (ती छर्ऱ्याची बंदूक नव्हे, शिकारीची रायफल आहे) चाप न ओढता उडते, अशा तक्रारी अमेरिकेत दशकानुदशके होत राहिल्या. त्या चापाची रचना करणाऱ्या अभियंत्यानेच १९४८ मध्ये एक सुधारणा सुचविली होती. तिचा खर्च प्रत्येक बंदुकीमागे साडेपाच सेंट होता, हे पुढे न्यायालयांसमोर आलेल्या कंपनीच्या कागदपत्रांतून उघड झाले. कंपनीने तो खर्च केला नाही. आणि अशा कंपनीला जाब विचारणारे ग्राहक-सुरक्षा खाते तेथेही नाही, कारण १९७२ च्या कायद्याने ते खाते स्थापन करतानाच बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. खेळण्यातील बंदुकीची तपासणी अमेरिकन शासन करू शकते, खऱ्या बंदुकीची नाही! भांडवलशाहीच्या माहेरघरी जर ही स्थिती, तर चाकणच्या ठेकेदाराकडून आपण होऊन काही घडेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

चळवळीतील काही मित्र येथे आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. गेटवरची बंदूक मुळात कोणावर रोखलेली असते? पिंपरीच्या कामगाराला हा प्रश्न पुस्तकात वाचावा लागत नाही. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणास बसले असता त्यांना रातोरात कसे उचलण्यात आले, हे पाहिलेले लोक अजून या शहरात आहेत. ९ ऑगस्ट २०११ रोजी, याच पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या पवना जलवाहिनीला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर बऊर येथे गोळीबार होऊन तिघे मरण पावले, ते तर कालचेच. तेव्हा मालमत्तेच्या रक्षणासाठी उभी केलेली बंदूक अधिक कार्यक्षम व्हावी म्हणून समाजवाद्यांनी का झटावे, असे कोणी विचारील.

या आक्षेपात रक्षक हा कोण आहे याचा विसर पडला आहे. तो मालकाच्या बाजूला उभा दिसतो, पण पगार घेतो ठेकेदाराकडून, राहतो मोशीच्या किंवा भोसरीच्या खोलीत चौघांबरोबर, आणि ड्युटी करतो बारा तासांची. मे महिन्याच्या उन्हात उभा राहून घेरी आली तर त्याचा दिवस भरला जातो की नाही, हेही त्याला माहीत नसते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडींसाठी कायदा केला आणि त्याच धर्तीवर १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी केला. ठेकेदाराला मधून काढून मंडळामार्फत नेमणूक व पगार व्हावा, ही त्या कायद्यामागची कल्पना होती आणि ती या राज्याला भूषणावह होती. पुढे २३ व्या कलमातील सवलतीच्या वाटेने एजन्सी परत आत आल्या, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना देशव्यापी प्रतिष्ठा दिली. बंदूक निकामी असावी यात कामगारांचे हित आहे, असे मानणे ही भ्रामक समजूत आहे. निकामी बंदूक न्यायाने वागत नाही. ती संपकऱ्यालाही लागते, रक्षकालाही लागते, आणि काहीच कारण नसताना रांगेतील म्हातारीलाही लागते. बँकेच्या दारात भरलेली बंदूक असावीच का, हा वाद अवश्य घालावा. भांबोलीचे एटीएम २०२१ मध्ये स्फोटकांनी उडविले गेले, तेथे एकाकी बंदूकवाल्याने काय केले असते, हेही त्या वादात यावे. पण जोवर ती दारात आहे, तोवर ती यंत्र म्हणून तपासली गेली पाहिजे.

यासाठी नवे शास्त्र शोधावयाचे नाही. पुणे जिल्ह्याइतकी शस्त्रविद्येची जाण देशात क्वचितच एका ठिकाणी असेल. पाषाणला संरक्षण खात्याची शस्त्रसंशोधन संस्था आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे, आणि या देशातील बारा बोअरच्या कित्येक काडतुसांच्या बुडावर त्याचीच अक्षरे असतात. २०२१ च्या १ ऑक्टोबरला कामगारांचा विरोध डावलून सरकारने आयुध कारखान्यांचे सात कंपन्यांत विभाजन केले, आणि खडकीचा कारखाना ज्या कंपनीकडे गेला तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. तेथील कुशल कारागिरांना काम पुरेल की नाही, ही चिंता त्यांच्या संघटना बोलून दाखवितात. नाशिक फाट्यापासून खडकी कितीशी दूर आहे? तेथे किंवा तत्सम सार्वजनिक ठिकाणी वर्षातून एकदा प्रत्येक रक्षकाची बंदूक उघडून पाहावी, आतील कड व स्प्रिंग मापावी, चढलेल्या घोड्यानिशी रिकाम्या बंदुकीची आपटण्याची कसोटी घ्यावी, दोन काडतुसे उडवून पाहावी, आणि क्रेनवर रंगवितात तशी तारीख दस्त्यावर ठोकावी. त्या दिवसाचा पगार आणि दुरुस्तीचा खर्च ज्याच्या दारात ती बंदूक उभी असते त्याने द्यावा, मग ती बंदूक कागदोपत्री कोणाचीही असो. तारीख उलटलेली बंदूक ड्युटीवर उभी केली, तर गुन्हा ठेकेदारावर व मुख्य मालकावर नोंदवावा.

पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, आणि पुणे जिल्ह्याला सुरक्षा रक्षक मंडळ आहे. कायदा बदलण्याची वाट न पाहता या दोघांना आजही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. तळवड्यापासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ड्युटीवर असलेल्या बंदुकांची एक यादी करावी, आणि तिच्यात परवान्याच्या क्रमांकापुढे आणखी दोन रकाने ठेवावेत : बंदूक किती वर्षांची आहे, आणि ती शेवटची कोणी उघडून पाहिली. बहुतेक ठिकाणी दुसरा रकाना कोराच राहील. यादी तशीच प्रसिद्ध करावी.